गाडीची हाळी: हॅम रेडिओवरून चालत्या गाडीचा ठावठिकाणा कसा कळतो?

माझ्या गाडीच्या टपावर चुंबकाच्या बुडाचा, हातभर लांब अँटेना आहे. तो पाहून खालच्या मजल्यावरच्या काकांना बरेच दिवस वाटत होतं की मी पोलिसात आहे. मग त्यांना सांगितलं की हा हॅम रेडिओ, म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून हौसेखातर चालवायचा बिनतारी संच. तेवढं त्यांना पटलं. पण परवा बोलता बोलता म्हटलं, "काका, गाडी कुठे आहे हेही हा रेडिओ आपोआप सांगत असतो," तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "अरे, त्याला जीपीएस असतं ना? मग हे लोढणं कशाला?"

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि त्याच्या मुळाशी एक घट्ट गैरसमज आहे. आधी तो सोडवू.

जीपीएसला तुम्ही कुठे आहात याचा पत्ताच नसतो

आपण सर्रास म्हणतो, "सॅटेलाइटवरून गाडी दिसते." दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड एकच काम करतात: आपल्याकडचं अचूक घड्याळ आणि आपली जागा ओरडून सांगत राहणं. गाडीतला जीपीएस फक्त ऐकतो. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले यावरून तो अंतरं काढतो आणि त्या अंतरांवरून स्वतःची जागा. खाली कोण ऐकतंय, कुठे ऐकतंय, याची उपग्रहाला काडीचीही खबर नसते. देवळातली घंटा ऐकून आपण देवळापासून किती लांब आहोत ते आपल्याला कळतं, पुजाऱ्याला नाही. तसंच हे.

म्हणजे कामं दोन आहेत. जागा शोधणं आणि ती दुसऱ्याला सांगणं. पहिलं काम आता एका स्वस्त चिपमध्ये होतं. अडचण सगळी दुसऱ्यात आहे. मोबाईलवरून लोकेशन पाठवता तेव्हा सांगण्याचं काम टॉवर, त्यामागची केबल आणि कुठल्या तरी कंपनीचा सर्व्हर करतो. एसटीच्या किंवा टॅक्सीच्या ट्रॅकरमध्येही सिमकार्डच असतं. हॅम रेडिओवाले तेच काम स्वतःच्या रेडिओवरून करतात, मध्ये कुणाचा टॉवर नसतो. या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. लांबलचक नाव ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम. यापुढे मी नुसतं एपीआरएस म्हणेन.

घोड्यांपासून सुरुवात

हे उभं केलं बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन माणसाने. मेरीलँडमधल्या अॅनापोलिसला नौदलाची अकादमी आहे, तिथे ते काम करत. १९८२ मध्ये त्यांनी ॲपल टू संगणकावर नौदलाकडून येणाऱ्या जागांच्या नोंदी नकाशावर मांडायचा एक प्रोग्रॅम लिहिला. १९८४ मध्ये कमोडोरच्या व्हिक-२० या चिमुकल्या घरगुती संगणकावर त्याची सुधारलेली आवृत्ती केली. कशासाठी, तर शंभर मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी. कुठला घोडा कुठवर पोचला, कुठला थकून बाद झाला, हे सगळ्यांना एकाच वेळी कळावं म्हणून.

तेव्हा सामान्य माणसाच्या हातात जीपीएस नव्हता. तरीही पद्धत चालली, कारण ब्रुनिंगांना सांगण्याचा प्रश्न सोडवायचा होता. जीपीएस स्वस्त झाल्यावर तो नव्वदच्या दशकात या पद्धतीला येऊन जोडला गेला.

एका सेकंदाची खरखर

आता गाडी नेमकं काय पाठवते ते जवळून पाहू. एपीआरएसच्या चॅनेलवर रेडिओ लावला की मधूनमधून 'खर्रर्र' असा आवाज येतो, जुन्या फॅक्स मशीनसारखा. एकेक खरखर म्हणजे एकेक पॅकेट. आत दोनच सूर असतात, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. सूर बदलला की शून्य, तसाच राहिला की एक. सेकंदाला १२०० अशा गतीने हे एक-शून्य धावतात. आजच्या इंटरनेटपुढे ही बैलगाडी आहे, पण बैलगाडीतून एक पोस्टकार्डच न्यायचं आहे.

पोस्टकार्डावर काय असतं? आधी पाठवणाऱ्याचं कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारी ओळख. आपल्याकडची ही नावं 'व्हीयू' अक्षरांनी सुरू होतात. पुढे डॅश देऊन ९ लिहिलं असेल तर सहसा गाडी, ७ असेल तर हातातला संच, ११ असेल तर फुगा. मग जागा: १८ अंश ३१.२३ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१.२७ मिनिटं पूर्व. हे पुणे झालं. मिनिटाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण अठरा मीटर, म्हणजे गाडी रस्त्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे कळतं, पण लेन कुठली ते नाही. मग नकाशावर गाडीचं चित्र काढा सांगणारी एक खूण. शेवटी दिशा आणि वेग. वेग नॉटमध्ये असतो बरं का, जहाजांसारखा. ३६ दिसलं म्हणून मी रमतगमत चाललोय असं समजू नका. ते ताशी ६७ किलोमीटर होतात. पद्धत नौदलाच्या अंगणात वाढली, त्याची ही खूण.

पॅकेटच्या शेपटीला दोन बाइट्सची बेरीज असते. वाण्याच्या बिलाखाली टोटल असते तशी. घेणारा संच ती स्वतः पुन्हा करून पाहतो. जुळली नाही तर अख्खं बिल केरात. त्यामुळे एपीआरएसवर चुकीची जागा सहसा येत नाही. येते तर नीट येते, नाहीतर येतच नाही.

आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत नाही. घाटातल्या आंधळ्या वळणावर आपण हॉर्न देतो, तेव्हा पलीकडच्याने "ऐकलं" म्हणावं अशी अपेक्षा असते का? ज्याला ऐकू येईल तो ऐकेल. नाही ऐकू आलं, तर पुढच्या वळणावर पुन्हा देऊच.

डोंगरावरचा निरोप्या

या लहरी साधारण १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे. हॅम लोकांचा एक हिशेब तोंडपाठ असतो: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. आलं ते क्षितिज किलोमीटरमध्ये. गाडीच्या टपावरचा अँटेना जमिनीपासून दोन मीटरही नसतो. म्हणजे क्षितिज साडेपाच-सहा किलोमीटर. सपाट माळावर दोन गाड्या एकमेकींना दहा-अकरा किलोमीटरपर्यंत ऐकतील, मध्ये इमारती आल्या की त्याहून कमी.

आता हाच अँटेना सिंहगडावर नेला असं समजा. गड समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर, पुणे साधारण ५६०. म्हणजे शहराच्या वर सुमारे साडेसातशे मीटर. त्याचं वर्गमूळ सत्तावीस आणि थोडं. क्षितिज एकदम ११० किलोमीटरच्या पुढे! वाटेतले डोंगर त्यात खोट काढतात हे खरं, पण फरक केवढा पडतो ते बघा. महाराजांच्या गडांची रांग कुणी रेडिओसाठी बांधली नव्हती, तरी हॅम माणसाला प्रत्येक गड टॉवरसारखाच दिसतो. त्याला इलाज नाही.

अशा उंच जागी एक संच बसवतात. तो पॅकेट ऐकतो आणि क्षणात तेच पुन्हा त्याच चॅनेलवर पाठवतो. त्याचं नाव डिजिपीटर. धनगर एका डोंगरावरून हाळी देतो, ती ऐकून दुसऱ्या डोंगरावरचा पुढे देतो, तसंच.

पण हाळी थांबणार कधी? प्रत्येक डोंगराने प्रत्येक हाळी पुढे दिली तर तीच हाळी रात्रभर घुमत राहील. म्हणून पॅकेटला तिकीट असतं. एसटीचा जुना कंडक्टर तिकिटाला चिमट्याने भोक पाडायचा, ते आठवा. गाडीचं तिकीट सहसा दोन टप्प्यांचं. पहिल्या डिजिपीटरने एक भोक पाडलं, दुसऱ्याने दुसरं. तिसऱ्याकडे पोचलं तरी तो उचलत नाही. काही उत्साही मंडळी सात टप्प्यांचं तिकीट काढून पाठवतात. त्यांची एक गाडी मग आजूबाजूच्या सगळ्या डिजिपीटरांना कामाला लावते. हॅम लोकांत यावरून चांगली भांडणं झालेली आहेत.

सगळे एकदम बोलले तर?

एपीआरएसचा खरा पेच इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

मोबाईलमध्ये टॉवर प्रत्येकाला वेळ वाटून देतो. इथे वाटणारं कुणी नाही. सगळ्यांचं चॅनेल एकच. उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८००. शंभर गाड्या असोत की दोन, बोलायचं एकाच चॅनेलवर. दोघं एकदम बोलले की दोघांच्याही टोटली चुकतात आणि दोन्ही बिलं केरात जातात.

उपाय सोपा वाटतो: आधी ऐका, शांत असेल तरच बोला. संच ते करतातच. पण कल्पना करा, एक गाडी मुळशीच्या बाजूला आहे, दुसरी डोंगरापलीकडे. दोघींना एकमेकींचा आवाज जात नाही. दोघींनीही कान देऊन ऐकलं, दोघींनाही शांतता वाटली, दोघी एकदम बोलल्या. डोंगरावरच्या डिजिपीटरला मात्र दोघी ऐकू येतात, आणि त्याच्या पदरी नुसता गोंगाट पडतो. ज्याच्या घराभोवती भिंती उंच, त्याला आपणच एकटे बोलतोय असं वाटतं. हौसिंग सोसायटीच्या सभेतही मी हे पाहिलंय.

किती गाड्या मावतात? पॅकेट आणि आधीची तयारी धरून एक सेकंद पकडा. मिनिटात साठ पॅकेटं बसायला हवीत. पण प्रत्येकाने डोळे मिटून वाटेल तेव्हा पाठवलं, तर गणित सांगतं की अशा चॅनेलची कमाल क्षमता जेमतेम १८ टक्के असते. म्हणजे मिनिटाला अकरा. त्याहून जास्त रेटलं तर अकराही जात नाहीत. दहा, आठ, पाच असे कमी होत जातात. ऐकून बोलण्याने यात सुधारणा होते, पण वरच्या कारणाने पूर्ण नाही.

तेव्हा दर पाच सेकंदांनी जागा पाठवणारा हॅम हा लग्नाच्या पंगतीत सगळी जिलेबी स्वतःच्या पानात ओढणारा पाहुणा आहे. त्याला अडवणारं यंत्र नाही. परवाना मिळतो, पण सबुरी ज्याची त्याने शिकायची.

मग कधी बोलायचं?

याचं फार सुंदर उत्तर निघालं. ट्रॅकर घड्याळाकडे बघत नाही, स्टिअरिंगकडे बघतो असं म्हणा. एक्स्प्रेसवेवर गाडी सरळ चालली आहे, दिशा तीच, वेग तोच. तर मधल्या जागा सांगायची गरजच काय? नकाशा बघणारा दोन ठिपके जोडून घेईल. म्हणून माझा ट्रॅकर तिथे दोन-तीन मिनिटांनी एकदा बोलतो. गाडी उभी असली की अर्ध्या तासाने. पण दिशा तीसेक अंशांनी बदलली की लगेच पॅकेट जातं. रांगोळी काढताना ठिपके कोपऱ्यांवर लागतात, सरळ रेषेला नाही, तसं. घाटात चढायला लागलो की खरखर वाढते आणि घाटमाथा आला की शांत होते.

यात इंटरनेट कुठून आलं?

नुसत्या रेडिओवर ऐकणाऱ्याला आपल्या टापूतल्याच गाड्या कळतात. म्हणून काही हॅम घरी एक संच लावून ठेवतात. तो ऐकलेली पॅकेटं इंटरनेटवर टाकतो. त्याला आयगेट म्हणतात, इंटरनेटचं दार. जगभरच्या आयगेटांनी टाकलेलं एका जाळ्यात जमतं आणि एपीआरएस डॉट एफआय नावाच्या, एका फिनिश हॅमने चालवलेल्या साइटवर नकाशाच्या रूपात दिसतं. बघायला परवाना लागत नाही.

या नकाशाचा एक किस्सा. मी ताम्हिणीतून कोकणात उतरत होतो. घाटाच्या आत माझं एकही पॅकेट कुणी उचललं नाही. मुळशीकडचं शेवटचं आणि माणगावजवळचं पहिलं, या दोहोंमध्ये नकाशाने सरळ रेघ मारली. घरून आईचा फोन: "अरे, तू डोंगराच्या पोटातून गेलास की काय?" रेघ म्हणजे रस्ता नव्हे, हे तिला समजावताना मला जेवढं एपीआरएस कळलं तेवढं कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. नकाशावरचा ठिपका इतकंच सांगतो की गाडीला शेवटचं ऐकलं तेव्हा ती तिथे होती. आता ती कुठे आहे, त्याच्यापाशी उत्तर नाही.

"मोबाईल असताना हे कशाला?"

काकांचा मूळ प्रश्न. शहरात, चार टॉवरांच्या मध्ये, खरंच काही कारण नाही. लोकेशन पाठवा आणि मोकळे व्हा.

पण टॉवर पडतात. डिसेंबर २००४ मध्ये सुनामी आली तेव्हा काही हॅम योगायोगाने संच घेऊन पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमानातून बाहेर निरोप पोचवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. ते आवाजावर केलं, एपीआरएसवर नाही. मात्र अशा वेळी आवाजाच्या चॅनेलवर बसलेल्या कुणालाही विचारा, निम्मा वेळ "कुठे आहात? कुठे पोचलात?" यातच जातो. ते काम खरखरीवर टाकलं की आवाज औषधांच्या यादीसाठी मोकळा राहतो.

खुद्द ब्रुनिंगांची तर तक्रारच होती. एपीआरएस म्हणजे गाड्या शोधायचं साधन असं कुणी म्हटलं की ते चिडत. त्यांच्या मते ही आसपास काय चाललंय ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगायची दुहेरी व्यवस्था होती: हवामानाचे आकडे, तुटलेला पूल, मदतकेंद्राची जागा, दोन ओळींचे निरोप. (निरोपांना मात्र पोच मिळते, हॉर्नचा नियम फक्त जागेला.) २०२२ मध्ये ते वारले, तोवर हे समजावून सांगत होते. तेव्हा या लेखाचं शीर्षकच त्यांना आवडलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

आणि टॉवर पृथ्वीवरच असला पाहिजे असंही नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर डिजिपीटर चालवला जातो. चारशे किलोमीटर उंचीचा 'गड'! तो डोक्यावरून जातो त्या दहाएक मिनिटांत गाडीतून सोडलेलं पॅकेट दोन हजार किलोमीटरवर ऐकू येऊ शकतं. इंडोनेशियाच्या लापान-ए२ या उपग्रहावरही एपीआरएसचा संच आहे, आणि तो २८ सप्टेंबर २०१५ रोजी आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून वर नेला.

"मग चोरालाही दिसणार की!"

दिसणार. हॅम रेडिओवर मजकूर कुलूपबंद करून पाठवायला बंदी आहे. जे बोलायचं ते उघड. कॉल साइन, जागा, वेग, सगळं जगजाहीर. जुनी पॅकेटंही साठवलेली राहतात, त्यामुळे कुणी रोज किती वाजता कुठून निघतो हे महिनाभरात काढता येतं. म्हणून मी घराच्या दोन किलोमीटर अलीकडे, पेट्रोल पंपापाशी ट्रॅकर बंद करतो. नकाशावर माझी गाडी रोज रात्री पेट्रोल पंपावरच मुक्कामाला असते. बायको म्हणते, लोकांना वाटेल पंप आपलाच आहे.

चोरी झालेली गाडी शोधायला हे उपयोगाचं नाही. चोर आधी अँटेना उपटेल, आणि बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी ठेवली की जीपीएसही बहिरा, रेडिओही मुका. दुसऱ्याच्या गाडीत लपवून ठेवायचा विचार असेल तर ते बेकायदेशीर तर आहेच, वर प्रत्येक पॅकेटवर तुमचंच कॉल साइन असेल.

"आमच्या ट्रकना लावता येईल?"

नाही. हौशी परवान्यावर धंदा करता येत नाही. टेम्पो, स्कूल बस, कुरिअर, कशालाच नाही. प्रवासी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०१९ पासून ट्रॅकर आणि पॅनिक बटण बंधनकारक केलं, ती सिमकार्डवर चालणारी यंत्रणा वेगळी. परवान्यासाठी वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत आणि दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक्सचे प्राथमिक प्रश्न आणि नियम, एवढंच. दहावीच्या विज्ञानाला जो घाबरला नाही त्याने यालाही घाबरू नये.

एक सावधगिरीची सूचना. सध्या लोरा नावाच्या स्वस्त, अगदी कमी वीज खाणाऱ्या चिपवरचे एपीआरएस ट्रॅकर ऑनलाइन मिळतात. युरोपातली मंडळी ते ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर चालवतात आणि बोर्ड बरेचदा त्याच आकड्यावर लावून येतो. आपल्याकडे हौशींचा पट्टा ४३४ ते ४३८ चा आहे. पार्सल उघडलं की आधी तो आकडा बदला.

काकांना हे सगळं सांगून झालं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, अँटेनाला बोट लावून पाहिलं, आणि म्हणाले, "रविवारी आम्ही भीमाशंकरला जातोय. तिथे मोबाईलला रेंज नसते. तू येतोस का, गाडी घेऊन?"